औषधशोधातील पेशीग्राही-चाचण्या : सूक्ष्मीकरण व स्वयंचलित द्रव-हाताळणी

रक्तपेढीत एचआयव्ही, कावीळ-ब व कावीळ-क यांच्या तपासणीसाठी एलायझा पद्धतीची जी प्लेट वापरतात, ती बहुतेक डॉक्टरांच्या व प्रयोगशाळा-तंत्रज्ञांच्या परिचयाची आहे. तळहातावर मावेल एवढ्या या पारदर्शक प्लास्टिकच्या प्लेटमध्ये आठ ओळी व बारा स्तंभ असे ९६ खळगे असतात. एका खळग्यात एका रक्तदात्याचा नमुना, असा तिचा हिशोब. औषधांचा शोध घेणाऱ्या प्रयोगशाळांत याच लांबीरुंदीची, परंतु ३८४ अथवा १५३६ खळग्यांची प्लेट एका निराळ्या कामासाठी वापरली जाते. तेथे प्रत्येक खळग्यात जिवंत पेशी असतात. प्रत्येक खळग्यात एकेक वेगळा रासायनिक पदार्थ सोडला जातो आणि त्यामुळे पेशीवरील अमुक एक ग्राही उद्दीपित होतो की निष्क्रिय होतो, हे मोजले जाते. या चाचण्या इतक्या लहान का कराव्या लागल्या, कशा करता आल्या आणि थेंब लहान होत गेला तसे उत्तराच्या विश्वासार्हतेचे काय झाले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ग्राही म्हणजे बाहेरून आलेल्या विशिष्ट रेणूला धरणारा व त्याची वार्ता पेशीच्या अंतर्भागात पोहोचविणारा प्रथिनरेणू. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँग्ली यांनी १९०५ साली निकोटीन व क्युरारे यांच्या स्नायूंवरील परस्परविरोधी परिणामांवरून अशा एखाद्या ‘ग्रहणशील द्रव्या’चे अस्तित्व अनुमानाने मांडले. ते द्रव्य तेव्हा कोणी पाहिलेले नव्हते. आज जी-प्रथिनांशी जोडलेल्या ग्राहींचे एकच कुटुंब मानवी जनुकसंचात सुमारे ८०० जनुकांचे असल्याचे ज्ञात आहे आणि मान्यताप्राप्त औषधांपैकी जवळजवळ एकतृतीयांश औषधे याच कुटुंबावर कार्य करतात. रक्तदाबासाठीची ॲटेनोलॉल व लोसार्टन, दम्यासाठीचे साल्ब्युटामोल, ॲलर्जीसाठीचे सेटिरिझिन, वेदनाशमनासाठीचे मॉर्फीन ही आपल्या औषधालयातील नित्याची नावे त्यातीलच होत.

ही जुनी औषधे शोधताना खळग्यांच्या प्लेट नव्हत्या. जठरातील आम्ल कमी करणाऱ्या सिमेटिडिनचे उदाहरण घ्यावे. सर जेम्स ब्लॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिस्टामिनच्या दुसऱ्या प्रकारच्या ग्राहीला अडविणारा रेणू शोधण्याचे काम १९६४ साली इंग्लंडमध्ये हाती घेतले आणि औषध बाजारात आले ते १९७६ च्या अखेरीस. बारा वर्षांत सुमारे ७०० संयुगे तयार झाली. त्यांची परीक्षा उंदरांच्या जठरावर व काचपात्रात जिवंत ठेवलेल्या ऊतींच्या तुकड्यांवर, एका वेळी एक अशी झाली. ही पद्धत मंद होती खरी; परंतु संपूर्ण ऊतीकडून मिळालेले उत्तर सहसा फसवे नसे. पुढील सर्व वेगवान पद्धतींकडे पाहताना हे विसरून चालत नाही.

१९९० नंतर दोन गोष्टी बदलल्या. मानवी ग्राहीचे जनुक वेगळे काढून ते प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या पेशींत बसविणे शक्य झाले, आणि औषधकंपन्यांकडे लाखो संयुगांचे साठे जमा झाले. प्रश्न विचारण्याची सोय झाली, पण प्रश्नांची संख्या हाताबाहेर गेली. एचआयव्हीवरील मॅराव्हिरोक या औषधाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. हा विषाणू पेशीत शिरताना सीडी४ बरोबर सीसीआर५ नावाच्या ग्राहीचाही आधार घेतो, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. त्याच वर्षी असेही आढळले, की ज्यांना आई व वडील या दोघांकडूनही या जनुकाची एक विशिष्ट खंडित प्रत मिळालेली असते, त्यांना विषाणूचा वारंवार संपर्क होऊनही बहुधा लागण होत नाही, आणि त्या ग्राहीवाचून त्यांचे फारसे अडतही नाही. म्हणजे हा ग्राही बंद केला तर रुग्णाला अपाय न होता विषाणूची वाट अडेल, अशी ग्वाही निसर्गानेच दिली होती. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील सँडविच येथील संशोधकांनी १९९७ मध्ये सुमारे पाच लाख संयुगांचा साठा या एका ग्राहीवर तपासण्यास घेतला. मानवी पेशींवर बसविलेल्या सीसीआर५ ला त्याचा नैसर्गिक संदेशवाहक, किरणोत्सारी आयोडिनची खूण केलेला, चिकटू द्यायचा, आणि कोणत्या संयुगाच्या सान्निध्यात ते चिकटणे कमी होते ते पाहायचे, असे त्या चाचणीचे स्वरूप होते.

थेंबाचे गणित

पाच लाख हाच आकडा धरून थोडा हिशोब करणे इष्ट ठरेल. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये तुलनेसाठीचे खळगे वगळता ८० खळग्यांत संयुगे ठेवता येतात. म्हणजे ६,२५० प्लेट लागतात. प्रत्येक खळग्यात २०० मायक्रोलिटर द्रव धरल्यास एकूण १०० लिटर अभिकर्मक, आणि खळग्यागणिक ५०,००० पेशी धरल्यास २,५०० कोटी पेशी. एवढ्या पेशी एकसारख्या वाढविणे हे स्वतंत्र कारखान्याचे काम आहे. हीच चाचणी १५३६ खळग्यांच्या प्लेटमध्ये, प्रत्येकी ५ मायक्रोलिटर द्रवात व २,००० पेशींवर केली, तर १,२८० उपयुक्त खळग्यांच्या हिशोबाने ३९१ प्लेट, अडीच लिटर द्रव व १०० कोटी पेशी पुरतात. बचत चाळीसपट द्रवाची व पंचवीसपट पेशींची. पैशाची बचत तर उघडच आहे. परंतु माझ्या मते महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. सहा हजार प्लेट तपासण्यास अनेक आठवडे लागतात, आणि त्या आठवड्यांत पेशींची पिढी बदलते, अभिकर्मकाची बाटली बदलते, काम करणारे हात बदलतात. चारशे प्लेट मोजक्या दिवसांत, एकाच पिढीच्या पेशींवर पूर्ण होतात आणि पहिल्या व शेवटच्या संयुगाची तुलना न्याय्य ठरते.

खळगे लहान करणे हे काही साचा बदलण्यापुरते सोपे नव्हते. आपल्याकडील एलायझामध्ये प्लेट पुन्हा पुन्हा धुवावी लागते. दीड-दोन मिलिमीटरच्या खळग्यातून पेशी न हलविता द्रव काढणे व पुन्हा भरणे अवघड असते. म्हणून धुण्याची पायरीच नको, अशा चाचण्या रचल्या गेल्या : ओता, थांबा आणि वाचा. किरणोत्सारी चाचण्यांत हे काम विशेष प्रकारच्या मण्यांनी केले. मण्याला चिकटविलेल्या पेशीपटलावरील ग्राहीने खुणेचा रेणू धरला, तरच त्याचा क्षीण किरण मण्यापर्यंत पोहोचून प्रकाश पडतो. द्रवात मोकळे फिरणारे रेणू दूर असल्याने मूक राहतात. त्यामुळे गाळणे व धुणे दोन्ही टळले.

त्याहून पुढची पायरी म्हणजे ग्राहीला काय चिकटले एवढेच न पाहता पेशीने त्यावर काय केले हे पाहणे. अनेक ग्राही उद्दीपित होताच पेशीच्या आत कॅल्शियम आयन एकदम वाढतात. रॉजर त्सिएन यांनी १९८० च्या दशकात असे रंगद्रव्य तयार केले, की जे पेशीत शिरते व कॅल्शियम धरताच त्याची प्रतिदीप्ती बदलते. (त्सिएन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र हरित प्रतिदीप्त प्रथिनावरील कामासाठी.) ज्या ग्राहींचा संदेश कॅल्शियमकडे जात नाही, त्यांच्यासाठी पेशीत एक विशेष जी-प्रथिन घालून तो संदेश कॅल्शियमकडे वळविता येतो. सीसीआर५ सारखे काही ग्राही पेशीतील चक्रीय एएमपी कमी करतात. मुळातच अल्प असलेली गोष्ट आणखी कमी झालेली मोजणे कठीण. म्हणून आधी फोर्स्कोलिन देऊन ती वाढवून घेतात आणि मग घट मोजतात. हे फोर्स्कोलिन १९७० च्या दशकात मुंबईतील हेक्स्ट संशोधन केंद्रात कोलियस कुळातील एका भारतीय वनस्पतीच्या मुळांतून वेगळे करण्यात आले होते. गुजरातेत जिच्या मुळांचे लोणचे घालतात ती गरमर हीच. जगभरातील ग्राही-प्रयोगशाळांच्या शीतकपाटात ते आज असते, याची आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही.

हात आणि यंत्र

द्रव मोजून ओतण्याच्या साधनांचा इतिहास फार जुना नाही. बुडापेस्टचे डॉ. ग्युला टाकात्सी यांनी १९५१ साली पिपेटांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात खळग्यांच्या रांगा कोरल्या व ठरावीक द्रव धरून ठेवणाऱ्या तारेच्या सर्पिल कड्यांनी रक्तद्रव पातळ करीत नेण्याची पद्धत बसविली. आजच्या प्लेटचा उगम तो. त्या काळी पिपेटमध्ये द्रव तोंडाने ओढून घेत असत. या प्रकाराला कंटाळून जर्मनीतील मारबुर्ग येथील हाइनरिश श्निटगर यांनी १९५७ साली दट्ट्या व स्प्रिंग असलेली, बदलता येणाऱ्या टोकाची पिपेट बनविली. अंगठ्याने दाबावयाची आजची पिपेट तिचीच वंशज आहे.

यंत्राला प्लेट हाताळता यावी यासाठी मात्र आणखी एका गोष्टीची आवश्यकता होती, ती म्हणजे सर्वांनी एकच माप मानणे. २००४ साली प्लेटच्या तळाचे माप १२७.७६ गुणिले ८५.४८ मिलिमीटर असे अमेरिकी मानक म्हणून निश्चित झाले. खळग्यांमधील अंतरही ठरले : ९६ च्या प्लेटमध्ये ९ मिलिमीटर, ३८४ मध्ये त्याच्या निम्मे, १५३६ मध्ये पाव. हे आकडे रूक्ष वाटतील. परंतु त्यांच्यामुळेच एका कंपनीची प्लेट दुसऱ्या कंपनीच्या यंत्रमानवाच्या बोटांत आणि तिसऱ्या कंपनीच्या वाचकयंत्रात बिनचूक बसते.

कॅल्शियमच्या चाचणीत यंत्राची निकड विशेष जाणवते. संदेश काही सेकंदांत शिखर गाठतो व ओसरतो. माणसाने एकेका ओळीत औषध सोडले, तर शेवटची ओळ येईपर्यंत पहिल्या ओळीची गोष्ट संपलेली असते. १९९० च्या दशकात आलेल्या, ‘फ्लिपर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रात सर्व खळग्यांवर एकाच क्षणी पिपेटांचा संच उतरतो आणि खालून कॅमेरा संपूर्ण प्लेटची छायाचित्रे सेकंदासेकंदाला घेत राहतो. येथे यंत्र केवळ कष्ट वाचवीत नाही. त्यावाचून ही चाचणी या प्रमाणावर होऊच शकत नाही.

सर्वांत लहान थेंबासाठी तर पिपेटही बाद झाली. ध्वनिलहरींच्या यंत्रात संयुगाच्या प्लेटखालून ध्वनी द्रवाच्या पृष्ठभागावर केंद्रित करतात. त्या धक्क्याने २.५ नॅनोलिटरचा, म्हणजे एका मिलिलिटरच्या चार लाखांश भागाचा, थेंब वर उडतो व वर उलट्या धरलेल्या प्लेटच्या खळग्याला जाऊन चिकटतो. उलट्या प्लेटमधील द्रव खाली पडत नाही, कारण एवढ्या लहान खळग्यात पृष्ठताण गुरुत्वाकर्षणाला पुरून उरतो. संयुगे बहुधा डीएमएसओ या द्रावकात १० मिलिमोलर तीव्रतेने साठविलेली असतात. असा एक थेंब ५ मायक्रोलिटरमध्ये पडला, की संयुगाची तीव्रता ५ मायक्रोमोलर होते आणि पेशींना त्रासदायक असलेल्या डीएमएसओचे प्रमाण केवळ ०.०५ टक्के राहते. मधल्या सौम्यीकरणाच्या पायऱ्याच उरत नाहीत.

लहान थेंबाचे दोष

शंभर मायक्रोलिटरमधून एक मायक्रोलिटर वाफ होऊन गेला तर एक टक्का फरक पडतो. पाच मायक्रोलिटरमधून तेवढाच गेला तर वीस टक्के. क्षारांची तीव्रता वाढते, पेशी आकसतात आणि त्यांचे उत्तर औषधामुळे बदलले की तहानेमुळे, हे कळेनासे होते. प्लेटच्या कडेच्या खळग्यांतून बाष्पीभवन अधिक होते. शिवाय उष्ण पेटीत ठेवताच कडा आधी तापतात व पेशी खळग्याच्या एका बाजूस गोळा होतात. यावर एक अत्यंत साधा उपाय उपयोगी पडल्याचे दिसून आले : पेशी घातल्यावर प्लेट काही वेळ खोलीच्या तापमानावर तशीच राहू द्यावी, पेशी समान बसाव्यात व नंतरच ती पेटीत ठेवावी. याखेरीज लहान खळग्याच्या तळाशी हवेचा बुडबुडा अडकतो व प्लेट फिरवून द्रव खाली बसवावा लागतो. साठ्यातील पेशी तळाशी बसून पहिल्या व शेवटच्या प्लेटमधील पेशींची संख्या बदलते. द्रवाची धार जोराची असली तर चिकटलेल्या पेशी उखडतात. यंत्र चूक करीत नाही, असे अनेकांना वाटते. यंत्र थकत नाही, हे खरे. पण एकदा चुकीचे बसविले तर तीच चूक ते हजारो खळग्यांत तंतोतंत करते.

यासाठी विश्वासार्हतेचे माप लागते. १९९९ साली झांग, चुंग व ओल्डेनबर्ग यांनी सुचविलेला झेड-प्राइम हा गुणक आज सर्वत्र वापरला जातो. पूर्ण प्रतिसाद व शून्य प्रतिसाद देणाऱ्या खळग्यांच्या सरासरींत अंतर किती, आणि त्या दोन्हींतील विखुरणे त्या अंतराचा किती भाग खाऊन टाकते, हे तो सांगतो. समजा, पूर्ण प्रतिसादाची सरासरी १,००० व प्रमाण विचलन ५० आहे, आणि शून्य प्रतिसादाची सरासरी २०० व विचलन ३० आहे. विचलनांची बेरीज ८०, तिची तिप्पट २४०. तिला ८०० या अंतराने भागून एकातून वजा केल्यास ०.७ मिळतात. ०.५ च्या वरची चाचणी उत्तम समजतात. थेंब लहान करताना दोन्ही विचलने दुप्पट झाली, तर हाच गुणक ०.४ वर येतो. प्रत्येक संयुग एकदाच तपासून निर्णय घेण्यास अशी चाचणी डळमळीत ठरते.

गुणक उत्तम असूनही योगायोग उरतोच. मोजमापे सामान्य वितरणाप्रमाणे विखुरलेली असतील आणि सरासरीपासून तीन विचलने दूर गेलेल्या संयुगाला ‘यशस्वी’ म्हणायचे ठरविले, तर पाच लाख निष्क्रिय संयुगांतूनही सुमारे ६७५ केवळ योगायोगाने यशस्वी ठरतील. ती दुसऱ्या फेरीत गळतात. अधिक गंभीर नुकसान उलट बाजूचे आहे. जे संयुग खरोखर उपयोगी होते पण त्या दिवशी खळग्यात पोहोचलेच नाही, त्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही. याची प्रचिती २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आली. ईफ-बी४ या ग्राहीच्या विकरक्रियेला रोखणाऱ्या १४ संयुगांची मापे दोन मार्गांनी मिळालेली होती : पिपेटच्या टोकांनी क्रमाक्रमाने पातळ करून आणि ध्वनिलहरींनी थेट थेंब टाकून. संयुगे तीच असूनही त्यांच्या प्रभावाचे आकडे भिन्न, काही बाबतींत कित्येक पटींनी भिन्न आले आणि पिपेटच्या मार्गाने ती बहुधा दुर्बळ दिसली. संयुगाचा काही अंश प्लास्टिकला चिकटून राहतो, हे त्याचे एक संभाव्य कारण. त्या आकड्यांवरून रेणूच्या रचनेविषयी काढलेले निष्कर्षही दोन मार्गांत वेगवेगळे निघाले. म्हणजे रसायनशास्त्रज्ञाने पुढचा रेणू कसा घडवावा, हे काही अंशी ओतण्याच्या पद्धतीने ठरविले असते.

मॅराव्हिरोकच्या बाबतीत पहिल्या चाळणीतून जे संयुग हाती आले, ते ग्राहीला चिकटत होते. पण विषाणूला अडवीत नव्हते. सुमारे एक हजार नवी संयुगे करून, ती विषाणूवर तपासून, आणि हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित एका पोटॅशियम-मार्गावर दुष्परिणाम होत नाही ना हे पाहूनच औषध घडले. ऑगस्ट २००७ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. सीसीआर५ चा आधार घेणाऱ्या विषाणूवरच ते चालते, त्यामुळे ते देण्यापूर्वी रुग्णाच्या विषाणूची स्वतंत्र तपासणी करावी लागते. अधिक सुलभ औषधे आल्याने आज त्याचा वापर मर्यादित आहे. तथापि मानवी पेशीवरील ग्राहीला अडवून एचआयव्हीवर चालणारे मान्यताप्राप्त असे ते पहिले औषध होय.

मोजक्या पेशी

सूक्ष्मीकरणाची स्पर्धा एके काळी पुष्कळ पुढे गेली होती. १९९५ साली स्थापन झालेल्या, त्सिएन हे ज्याच्या संस्थापकांपैकी होते त्या सॅन दिएगोच्या ऑरोरा बायोसायन्सेस कंपनीने ३४५६ खळग्यांची प्लेट प्रचारात आणली. ती फारशी रुळली नाही. बहुतेक प्रयोगशाळा १५३६ वर थांबल्या, आणि ते योग्यच झाले असे वाटते. परंतु याच कंपनीकडे अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन ही धर्मादाय संस्था गेली. या आनुवंशिक आजारात बिघडते ते प्रथिन ग्राही नसून क्लोराइड आयनांचा मार्ग आहे. चाचणीचे तंत्र मात्र तेच. देणग्यांतून उभ्या केलेल्या निधीने ती शोधमोहीम चालली. २००१ मध्ये ऑरोरा ही व्हर्टेक्स कंपनीत विलीन झाली. सुमारे २,२८,००० संयुगांच्या चाळणीतून निघालेल्या धाग्यावरून आयव्हाकाफ्टर हे औषध घडले व जानेवारी २०१२ मध्ये त्यास मान्यता मिळाली. त्या वेळी अमेरिकेत त्याची वार्षिक किंमत सुमारे तीन लाख डॉलर होती. चाचणीतील द्रव चाळीसपट वाचल्याने औषध तेवढ्या पटीने स्वस्त होते, असे नाही.

आणि तरीही लहान खळग्यांचा रुग्णाला थेट उपयोग झाला तो याच आजारात. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी २०१३ मध्ये रुग्णाच्या गुदाशयातील ऊतीच्या चिमुकल्या तुकड्यापासून वाढविलेल्या पेशींचे सूक्ष्म गोलक, ज्यांना ऑर्गनॉइड म्हणतात, प्लेटच्या खळग्यांत ठेवून तपासले. फोर्स्कोलिन दिले की निरोगी व्यक्तीचे गोलक पाणी ओढून फुगतात. या रुग्णांचे फुगत नाहीत किंवा अल्पच फुगतात. औषध लागू पडणारे असेल तर ते पुन्हा फुगू लागतात. रुग्णाकडून मिळणाऱ्या पेशी मोजक्याच असतात, आणि खळगा लहान असल्यामुळेच तेवढ्यांत अनेक औषधे व अनेक मात्रा तपासता येतात. ज्यांचे जनुकीय दोष इतके दुर्मीळ होते की त्यांच्यासाठी नेहमीची औषधपरीक्षा भरविणे अशक्य होते, अशा दोन रुग्णांचे गोलक आयव्हाकाफ्टरने फुगले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार, त्यानंतर औषध दिले असता त्या रुग्णांनाही गुण आला.